पुन्हा एकदा तोच!

एकदा सांगून विश्वास बसणं हा माणसाचा स्वभावच नव्हे आणि कॉम्प्युटरने तो आपल्याकडूनच उचलला. ‘नवा पासवर्ड लिहा’ म्हणतो. आपण लिहितो. लगेच खाली दुसरा रकाना : ‘पुन्हा लिहा.’ अहो, आत्ताच तर लिहिला!

पण या संशयाचं घराणं जुनं आहे. चेकच घ्या. रक्कम आकड्यात लिहायची आणि पुन्हा अक्षरी. दोन्ही जुळली नाहीत, तर १८८१च्या कायद्याच्या १८व्या कलमाप्रमाणे अक्षरी रक्कम खरी. बँकवाले मात्र कलम न उघडता चेकच परत करतात.

पंचकार्डांच्या जमान्यात एक बाई कार्डाला भोकं पाडायची. मग तोच कागद दुसरीपुढे. तिने सगळं पुन्हा टाइप करायचं आणि यंत्राने ते भोकांशी ताडायचं. जुळलं की कार्डाच्या कडेला खाच. आयबीएमचं ०५६ नंबरचं यंत्र १९४९पासून एवढंच काम करी. त्यात शहाणपण असं, की दुसऱ्यांदा लिहिणारं माणूस दुसरं असे.

पुढे १९६०च्या दशकात अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बातो आणि मंडळींनी अनेकांत मिळून वापरायच्या कॉम्प्युटरला पासवर्ड लावला. शेजाऱ्याने वाचू नये म्हणून तो टाइप करताना कागदावर उमटत नसे. वेबवर त्या जागी काळ्या टिकल्या आल्या. आता न दिसणारं अक्षर चुकलं तर कळावं कसं? म्हणून तेच पुन्हा! १९९५मध्ये जावास्क्रिप्ट आली आणि ही ताडाताडी दूरच्या सर्व्हरला न विचारता जागच्या जागी होऊ लागली.

आता न्हावऱ्याला चला. शिरूर-चौफुला रस्त्यावरचं, उसाच्या पट्ट्यातलं गाव. तिथले आमचे एक मामा ऑनलाइन अर्ज भरायला गेले.

‘‘मामा, पासवर्ड सांगा.’’

‘‘तूच टाक की रं कायतरी!’’

पोराने टाकला. पुन्हा टाकला. जुळला! मोबाइल नंबरही त्याने स्वतःचाच दिला. चार महिन्यांनी मामा चौकशीला गेले, तर पोरगं नोकरीला लागून चाकणला! मामांकडे नाव होतं, जमीन होती, अर्जाची पावती होती. नव्हती ती फक्त आठ अक्षरं. आपल्याच अर्जाच्या दाराबाहेर मामा उभे.

यंत्राचा काय दोष? दोन रकाने जुळतात का, एवढंच त्याला विचारलं होतं. रकाना आणि माणूस जुळतात का, हे कुणी विचारलंच नव्हतं. पंचकार्डावर दोन माणसांचं एकमत व्हावं लागे. इथे एकच माणूस दोनदा ‘हो’ म्हणतो. अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना नवरदेवच उभा करून ‘पत्रिका छान जुळली’ म्हणण्यातला प्रकार!

मामा मात्र शहाणे झाले. हल्ली पहिला रकाना पोराला भरू देतात. दुसरा आला की चष्मा सावरून म्हणतात, ‘‘सरक बाजूला. ह्यो माझा!’’

आणि मग एका बोटाने, सावकाश, तो जुळवतात.