आपलंच रक्त, आपलाच गुडघा

कोल्हापुरात गुडघ्याची गोष्ट सांगायची, तर ती तालमीतूनच सुरू करावी लागते. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, १९१२ साली खासबागचं मैदान झालं आणि तिथं उतरायचं स्वप्न पाहत पिढ्यान् पिढ्या पोरांनी बैठका मारल्या. गुडघा मुरगळला की वस्ताद आंबेहळद उगाळून, गरम करून लेप लावायचे. लहानपणी मीही तो लावून घेतलाय. पैलवान काही झालो नाही, कवी झालो. दुखणं मात्र पैलवानाचं राहिलं.

गेल्या रमजानमध्ये सजद्यातून उठवेना. मशिदीत पहिल्यांदा खुर्ची घेतली, त्या दिवशी घरी कुणाशी बोललो नाही.

डॉक्टरांनी ‘पीआरपी’चा पर्याय सांगितला. हातातून रक्त काढायचं, यंत्रात गरगर फिरवायचं आणि प्लेटलेट्सनी दाट झालेला पिवळसर भाग गुडघ्यात टोचायचा. आपलंच रक्त आपल्या दुखण्यावर! कवीला भुलायला एवढं पुरे. पण मंडळी, मी आधी जरा इतिहास चाळला.

झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातली गादी, पुन्हा भरून येत नाही, हे विल्यम हंटरनं लंडनमध्ये १७४३ सालीच मांडलं होतं. तिला रक्तवाहिन्याच नाहीत, भरणार कशी? प्लेटलेट्सचं काम १८८२ मध्ये इटलीच्या बिझोझेरोनं दाखवलं. त्या नुसतं रक्त गोठवत नाहीत, जखम भरायला मदत करणारी द्रव्यंही सोडतात, हे १९७० च्या दशकात कळलं. पुढं दंतवैद्यांनी जबड्याच्या हाडासाठी हा द्रव वापरला. २००९ मध्ये अमेरिकेचा फुटबॉलपटू हाइन्स वॉर्ड हे उपचार घेऊन अंतिम सामन्यात उतरला आणि गाजावाजा झाला. त्याचा दुखावला होता अस्थिबंध, माझी झिजलीय गादी. हा फरक बातमीत कोण सांगतो?

२०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या चाचणीचा निकाल आला. गुडघे झिजलेली २८८ माणसं. काहींना पीआरपी, काहींना नुसतं मिठाचं पाणी. वर्षानं पाहिलं तर दोन्हीकडं दुखणं कमी झालेलं, फरक नगण्य. गादीची झीजही सारखीच. इतर काही चाचण्यांत थोडा आराम दिसलाय, हेही खरं.

डॉक्टरांना हे सगळं विचारलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, “सर, दुखणं कदाचित कमी होईल. गादी उगवेल, असं मी म्हणणार नाही. मांडीचे स्नायू मात्र बळकट कराच.”

सुई अजून टोचून घेतलेली नाही. सकाळ-संध्याकाळ खुर्चीवर बसून पाय सरळ करतो, दहापर्यंत मोजतो. बायको म्हणते, “चाळीस वर्षांनी तालीम आठवली होय?”