एकाचे दोन: डोळ्याचा आजार आणि गळ्याची गाठ

उर्दू-फारसीत तिरळ्या माणसाला 'अहवल' म्हणतात. मौलाना रूमींच्या 'मसनवी'त अशा एका अहवल शागिर्दाची गोष्ट आहे. उस्ताद त्याला आतून बाटली आणायला सांगतात. त्याला दोन दिसतात. उस्ताद म्हणतात, त्यातली एक फोड. तो एक फोडतो आणि दोन्ही नाहीशा होतात. रूमींना सांगायचे होते ते मनाच्या दोषाबद्दल. पण अशा दाखल्यांमुळे दुहेरी दिसणाऱ्या माणसातच काही खोट आहे, असा समज सहज होतो.

खरे तर रूमींच्या दोनशे वर्षे आधी बसऱ्याच्या इब्न अल-हैथमने 'किताब अल-मनाझिर'मध्ये याचा उलगडा केला होता. दोन्ही डोळे एकाच वस्तूवर नीट वळले, तर दोन प्रतिमा मिळून एक दिसते. डोळ्यांचा मेळ बिघडला की एकाचे दोन होतात.

हा मेळ बिघडवणारा एक आजार गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीशी जोडलेला आहे. बाराव्या शतकात सय्यद इस्माईल जुरजानी यांनी 'जखीरा-ए-ख्वारज्मशाही' या फारसी वैद्यकग्रंथात गलगंड आणि बाहेर आलेले डोळे यांचा संबंध नोंदवला. जखीरा म्हणजे साठा. आमच्या गोदामांच्या मानकोलीला हा शब्द परका नाही. युरोपात हीच जोडी १८३५ मध्ये डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी आणि १८४० मध्ये जर्मनीतल्या बासेडो यांनी मांडली. पुढे १९५६ मध्ये न्यूझीलंडच्या अ‍ॅडम्स आणि पर्व्हस यांना अशा रुग्णांच्या रक्तात थायरॉईडला चेतवणारा एक घटक सापडला. शरीराची संरक्षक यंत्रणाच आपल्या ग्रंथीवर उलटते, हे त्यातून उलगडत गेले. तीच यंत्रणा डोळ्यामागच्या स्नायूंनाही सुजवते. सुजलेला स्नायू ताठरतो, एक डोळा पुरता वर किंवा बाजूला वळत नाही आणि दुहेरी दिसू लागते.

मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये १९६३ पासून अणुविज्ञानाच्या मदतीने थायरॉईडवर काम चालते. वाढलेली ग्रंथी किरणोत्सारी आयोडीनने शांत करता येते. मात्र त्याने काहींचे डोळे अधिक बिघडू शकतात, म्हणून आधी डोळे तपासतात. विडी-सिगारेटने तर हा आजार बळावण्याचा धोका वाढतो.

मानकोली नाक्यावर रात्रंदिवस ट्रक वळतात, भिवंडीत यंत्रमागावर नजर धाग्यावर ठेवावी लागते. इथे दुहेरी दिसणे म्हणजे अपघात किंवा बुडालेली रोजी. तरीही 'नंबर वाढला असेल' म्हणून माणूस चष्म्याच्या दुकानात जातो. एक डोळा झाकून पाहा. दोनाचे एक झाले, तर दोष बहुधा डोळ्यांच्या मेळात आहे. मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि थायरॉईडची रक्ततपासणीही करून घ्या. तोवर गाडी चालवू नका. अचानक दुहेरी दिसू लागले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मधुमेह किंवा मेंदूचा आजारही असू शकतो.

गोष्टीतल्या शागिर्दाला टोमणा मिळाला. आपल्या शेजाऱ्याला उपचार मिळायला हवेत.