गडी मेला, पुढे काय?

बाद झालेल्या गड्याचं करायचं काय, यावर हुतूतू खेळणाऱ्यांत एके काळी तीन पंथ होते. संजीवनीत समोरचा गडी मारला की आपला मेलेला गडी उठून परत आत यायचा. गामिनीत मेला तो मेला. अख्खा संघ गारद होईपर्यंत त्याने रेषेबाहेर बसून राहायचं. अमरमध्ये कोणी मरतच नसे, समोरच्याच्या नावावर गुण मांडायचा आणि गड्याने तिथेच उभं राहायचं. महाराष्ट्रात १९१८च्या सुमारास नियमांना आकार येऊ लागला, १९२३मध्ये ते छापले गेले आणि त्याच वर्षी बडोद्याला त्यांवर स्पर्धा झाली. पुढे टिकली ती संजीवनीच. आज टीव्हीवर दिसते ती कबड्डी तिच्याच कुळातली. गामिनीचं काय चुकलं असेल हे कळायला फार डोकं लागत नाही: पहिल्याच चढाईत बाद झालेलं पोर थोडा वेळ माती उकरतं, मग घरी निघून जातं, आणि पुढच्या डावाला गडी कमी पडतात.

मुंबईच्या खारदांड्यात आमच्या जेवणाच्या टेबलावर बहुतेक रविवारी हाच प्रश्न निघतो, फक्त तिथे कबड्डी नसते, डन्जन्स अँड ड्रॅगन्स असतं. माझी भाची, तिचे कॉलेजातले मित्र, मधे वेफर्सची पिशवी आणि वीस बाजूंचा फासा, जो हमखास घरंगळत सोफ्याखाली जातो. (खाली पडलेला फासा धरायचा नाही, हा या घरचा पहिला नियम.) प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं: कोणी तलवारवाली, कोणी मांत्रिक, कोणी चोर. बाकी राक्षस, गावकरी, वादळवारा सगळं एकाच माणसाच्या अंगावर. त्याला डीएम म्हणतात. वाद झाला की निकालही तोच देतो. इथली डीएम मुलगी फाइलच्या पुठ्ठ्याचा आडोसा करून बसते. चहा द्यायला गेलो तेव्हा आडोशामागची वही दिसली. खाडीतल्या राक्षसी खेकड्यासमोर ८० एचपी लिहून खोडलेले, खाली ५०, आणि शेजारी ‘+ दोन पिल्लं’. एचपी म्हणजे हिट पॉइंट्स, कोणात किती जीव उरला त्याचा हिशोब.

‘‘पुस्तकातल्या खेकड्याला पिल्लं आहेत?’’ मी विचारलं.

‘‘नाहीत ना काका. पण एकटा खेकडा एका फेरीत एकदाच मारणार, आणि हे चौघं मिळून चार वेळा. मग तो कितीही दांडगा असू दे, नुसता मार खात बसतो. लढाई लांबते आणि सगळे मोबाइल काढतात.’’

जीव कमी केला, हात वाढवले. लढाई आखूड झाली आणि धोका टिकला. छापील नियमाला घरात अशी मुरड घालणं म्हणजे मूळ खेळाशी बेइमानी, असं मानणारे कट्टर खेळाडू असतात. त्यांनी खेळाची वंशावळ बघावी. ती घरच्या नियमांनीच भरलेली आहे.

वंशावळीचं वरचं टोक आपल्याकडचं. चतुरंगाचं बुद्धिबळ होऊन ते युरोपात गेलं आणि १७८०मध्ये ब्रुन्सविकच्या हेलविग नावाच्या गणिताच्या शिक्षकाने त्याचा युद्धखेळ केला. पट १,६१७ घरांचा, घरांना रंग जमिनीच्या प्रकाराप्रमाणे. पण मरण बुद्धिबळातलंच राहिलं: घरावर चाल आली की मोहरा उचलायचा. हे बदललं प्रशियाच्या राइसविट्झ बापलेकांनी. बापाने १८१२मध्ये राजासाठी एक भलंमोठं टेबल बनवलं, ज्यावर डोंगर-नद्यांचे तुकडे हवे तसे मांडता येत. त्याच्या मुलाने, तोफखान्यातल्या अधिकाऱ्याने, १८२४मध्ये टेबल टाकून नकाशा घेतला, १:८००० प्रमाणाचा, आणि हल्ल्याचा परिणाम फाशावर सोपवला. या मुलाची खरी करामत वेगळीच आहे. त्याच्या खेळात फटका बसलेली तुकडी लगेच उचलली जात नाही. तिचं किती नुकसान झालं ते पंच आकड्यांत मांडत जातो आणि ती लंगडत का होईना लढत राहते. अर्धमेला गडी टेबलावर प्रथम दिसतो तो इथे.

पुढे या खेळाचे तक्ते इतके जाड झाले की अधिकारी कंटाळले. १८७६मध्ये व्हेर्डी दु व्हेर्नुआ या प्रशियन सेनानीने सरळ सुचवलं की तक्ते आणि फासे बाजूला ठेवा, अनुभवी पंच सांगेल ते प्रमाण. मला हा माणूस आवडतो, पण त्याच्या टेबलावर खेळायला मी बसणार नाही. पंच चांगला तोवर सगळं चांगलं.

अमेरिकेत चार्ल्स टॉटन या लष्करी अधिकाऱ्याने १८८०मध्ये ‘स्ट्रॅटेगोस’ नावाचा ग्रंथ लिहिला. खेळाडूला काहीही करून बघायची मुभा आहे, जमलं की नाही ते पंच ठरवेल, हा त्यातला विचार. हा ग्रंथ मिनेसोटात डेव्हिड वेस्ली या तरुणाला विद्यापीठाच्या ग्रंथालयात सापडला. त्याने १९६९मध्ये ब्राउनस्टाइन नावाच्या एका काल्पनिक गावाचा डाव मांडला. खेळाडूंना पलटणी न देता एकेक माणूस दिला आणि प्रत्येकाचा मतलब वेगळा ठेवला. त्या डावात डेव्ह आर्नसन होता. १९७१पासून त्याने आपला ब्लॅकमूरचा डाव सुरू केला: किल्ला, तळघरं, राक्षस.

आर्नसनची पंचाईत गामिनीची होती. लढाईसाठी हाताशी होतं ‘चेनमेल’, गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचं १९७१चं पुस्तक, जे मुळात मध्ययुगीन फौजांसाठी लिहिलेलं. त्यात साधा शिपाई एका घावात संपतो. फौजेत शंभर असतात तेव्हा एक गेल्याचं सुतक कोणी पाळत नाही. पण ब्लॅकमूरमध्ये खेळाडूकडे एकच माणूस. आठवडाभर त्याचं नाव, तलवार, कर्ज, शत्रू ठरवत बसलेला खेळाडू पहिल्याच राक्षसासमोर एका फाशात बाद झाला, तर पुढच्या वेळी तो येईल कशाला? आर्नसनने उपाय आपल्याच कपाटातून काढला. अमेरिकी यादवी युद्धातल्या लोखंडी चिलखती जहाजांवर त्याने पूर्वी नियम बसवले होते. त्यात जहाजाला चिलखताची प्रत होती आणि किती गोळे खाऊन ते बुडेल याचा आकडा होता. दोन्ही गोष्टी त्याने उचलून माणसाला लावल्या. आज ज्या एचपीवर निम्मे व्हिडिओ गेम चालतात, तो असा जहाजाचा नियम आहे, एका घरच्या डावात खेळाडू टिकावेत म्हणून माणसावर चढवलेला.

जानेवारी १९७४मध्ये गायगॅक्स-आर्नसन जोडीचं डन्जन्स अँड ड्रॅगन्स विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा गावातून निघालं. तीन पुस्तिकांची पेटी, १० डॉलरला, पहिल्या १,००० प्रती. लढाई चेनमेलप्रमाणे खेळा असं त्यात सांगितलं होतं, आणि शिवाय ‘पर्यायी’ म्हणून वीस बाजूंच्या फाशाची एक पद्धत दिली होती. लोकांनी मुख्य पद्धत सोडून पर्यायच उचलला. नियम इतके विस्कळीत होते की घरोघरी भोकं बुजवावीच लागली. अॅरिझोनात केन सेंट आंद्रेला ते अनेकबाजू फासेच मान्य नव्हते. त्याने साध्या सहा बाजूंच्या फाशांवर १९७५मध्ये ‘टनल्स अँड ट्रोल्स’ काढला. कॅलिफोर्नियात स्टीव्ह पेरिनने १९७६मध्ये आपले लढाईचे घरचे नियम वाटले, आणि दोन वर्षांत त्या विचारातून ‘रूनक्वेस्ट’ हा स्वतंत्र खेळ उभा राहिला.

एका घरच्या नियमाची कथा तर थेट उर्दूच्या वर्गापर्यंत जाते. मिनेसोटा विद्यापीठात एम. ए. आर. बार्कर उर्दू शिकवत. उर्दू आणि बलुचीची पाठ्यपुस्तकंही त्यांची आहेत. त्यांनी १९७५मध्ये ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ काढला आणि त्यात ठरवलं की फाशावर २० पडला की घाव दुप्पट, आणि लगेच दुसऱ्यांदा टाकून १९ किंवा २० आला तर समोरचा जागीच ठार. टेबलं या नियमावर खूश झाली. २० पडला की होणारा आरडाओरडा आमच्या खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जातो.

गायगॅक्सला मात्र हे पसंत नव्हतं, आणि हिशोबाने तो बरोबर होता. जागीच ठार होण्याची शक्यता वीसात एक गुणिले वीसात दोन, म्हणजे दोनशेत एक. किरकोळ वाटते. पण राक्षस येतात आणि जातात, खेळाडूचं पात्र मात्र प्रत्येक लढाईत असतं. एका लढाईत त्याच्यावर वीस वार झाले असं धरलं, तर दहा लढायांत दोनशे. तोवर एकदा तरी तो फासा पडलेला असण्याची शक्यता ६३ टक्के. दोन्ही बाजूंना सारखा लावलेला नियम एकाच बाजूला मारतो. गायगॅक्सने डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या १९७९च्या पुस्तकात या नियमाला विरोध केला. लोकांनी ऐकलं नाही. १९८९च्या आवृत्तीत दुप्पट घाव पर्याय म्हणून आला, २०००मध्ये पक्का नियम झाला. जागीच ठार मात्र गळलं.

मरणही असंच हळूहळू लांबत गेलं. १९७४मध्ये शून्य एचपी म्हणजे खेळ खलास. १९७९मध्ये उणे दहापर्यंत बेशुद्ध पडून राहायची पळवाट निघाली. २००८पासून पडलेला खेळाडू आपल्या पाळीला फासा टाकत मरणाशी झुंजतो. २०१४च्या नियमात तीनदा दहा किंवा वर आला तर तो तगला, तीनदा खाली आला तर गेला. संजीवनी इथेही जिंकली म्हणायची.

राक्षस मोजण्याचे प्रयत्न थोडक्यात सांगून टाकतो, कारण ते मला रुक्ष वाटतात. इंग्लंडमध्ये डॉन टर्नबुलने १९७७मध्ये ‘व्हाइट ड्वार्फ’च्या पहिल्याच अंकात राक्षसाची ताकद काढायचं सूत्र दिलं. २०००च्या आवृत्तीने प्रत्येक राक्षसाला चौघांच्या टोळीच्या मापाने श्रेणी दिली. २०१४मध्ये संख्येचा गुणक आला: दोन राक्षस असले तर बेरीज दीडपट धरा, तीन ते सहा असले तर दुप्पट. आमच्या डीएमची पिल्लं याच हिशोबातली. २०२४च्या पुस्तकाने तो गुणक काढून टाकला. तिच्या वहीत तो अजून आहे.

खारदांड्याच्या किनाऱ्यावर मरणाचं गणित उलट्या बाजूने मांडलेलं दिसतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी वर ओढून शाकारलेल्या, आणि त्यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात पोरांचं क्रिकेट. बॅट एक, पोरं पंधरा, उजेड संपत आलेला. म्हणून इथे मरण स्वस्त: एक टप्पा एक हात आउट, बॉल बोटीत गेला आउट. गडी विषम झाले की एक जण कॉमन, दोन्हीकडून खेळतो. शेंबड्या धाकट्या भावाला लिंबूटिंबू करून घेतात. तो आउट होतच नाही, आणि त्याच्या धावा कोणी मोजत नाही. अमर पंथ इथे एका माणसापुरता शिल्लक आहे. टेबलावर चारच डोकी आणि सबंध दुपार असते, म्हणून तिथे मरण महाग.

घरचा नियम अजूनही पुस्तकात शिरतो. लढाईत औषधाची कुपी प्यायला पूर्वी अख्खी पाळी खर्च व्हायची. जखमी माणूस प्यायला की मारायचा राहायचा, म्हणून असंख्य घरांनी ते जोडकाम ठरवलं होतं: पी आणि मारही. २०२४मध्ये छापील नियम तसाच झाला.

आमच्या टेबलावरचा ताजा नियम अजून कुठे छापलेला मी पाहिला नाही, पण इतर टेबलांवरही तो चालतो म्हणे. ज्याचं पात्र पडलं त्याने रिकामं बसायचं नाही, उरलेली लढाई राक्षसांच्या बाजूने खेळायची. खेकड्याच्या दुपारी आमचा चोर तिसऱ्याच फेरीत पडला. मग त्याने दोन्ही पिल्लं अशी काही चालवली की मांत्रिक आणि तलवारवाली दोघंही आडवी झाली. बाहेर पडताना त्याचं म्हणणं एवढंच होतं की या कामगिरीचे अनुभवाचे गुण त्याला मिळायला हवेत. तलवारवालीचा याला सक्त विरोध आहे. डीएमने अजून निकाल दिलेला नाही.