बाळ हसू लागलं की...

वाचकहो, 'बाळ हसू लागलं की आईचे केस गळू लागतात,' असं आपल्याकडच्या जुन्या बायका सांगतात. ही खुळी समजूत म्हणून सोडून देऊ नका. तिच्यातलं निरीक्षण अचूक आहे. कारण तेवढं निराळं आहे.

डोक्यावरचा केस काही वर्षं वाढतो, दोन-तीन महिने विसावा घेतो आणि गळतो. एरवी रोज ५० ते १०० केस गळतातच. गरोदरपणी शरीरातील अंतःस्रावांमुळे पुष्कळ केस विसावा न घेता वाढत राहतात. वेणी भरघोस दिसते. प्रसूतीनंतर हे स्राव एकदम उतरतात, थांबलेले केस एकदमच विसाव्याला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी पुंजक्यांनी फणीत येतात. नेमकं तेव्हाच बाळ हसू लागलेलं असतं! अशा गळतीला 'टेलोजेन इफ्लुव्हियम' हे नाव अल्बर्ट क्लिगमन यांनी दिलं ते १९६१ साली. आपल्या आज्यांनी तिची वेळ त्याआधीच हेरली होती.

पण बाळंतिणीचं दुखणं तिच्या खोलीबाहेर फारसं येत नसे. पुरुष डॉक्टरला सांगायचं कसं? वसईच्या खाडीनं आत गेलं की कल्याण लागतं. तिथल्या, १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी कोवळ्या वयात आई झाल्या; मूल अवघे दहा दिवस जगलं. १८८३ साली बंगालमधील श्रीरामपूरच्या व्याख्यानात त्यांनी स्त्री-डॉक्टरांची निकड मांडली. १८८६ साली त्या अमेरिकेत एम. डी. झाल्या, प्रबंधाचा विषय होता हिंदूंचं प्रसूतिशास्त्र. त्याच वर्षी मुंबईत बायकामुलांसाठी कामा हॉस्पिटल उघडलं. पुढच्याच वर्षी आनंदीबाई गेल्या. वयाची २२ वर्षंही पुरी झाली नव्हती.

आज डॉक्टरीणबाई आहेत, आशाताई आहेत. तरी सासरी 'केसांचं काय कौतुक!' म्हणतील म्हणून सून फणी लपवते. भगिनींनो, लपवू नका. केसांसाठी बाळाचं अंगावरचं दूधही तोडू नका. त्याचा यात दोष नाही. बहुतेकींचे केस बाळ वर्षाचं होईतो भरून येतात. वर्ष उलटूनही गळती थांबली नाही, किंवा सोबत थकवा, धाप, चक्कर असली, तर रक्त आणि थायरॉइड ग्रंथी तपासून घ्या. बाळंतिणीच्या ताटातली भाजी, डाळ, हळिवाचे लाडू कमी करू नका. आणि शिक्षकांनो, शाळेत मातांची सभा भरेल तेव्हा एवढं अवश्य सांगा.