इवलेसे बेथलेहेम

कुंडलिका खाडीच्या मुखाशी एका तीरावर रेवदंडा आणि दुसऱ्या तीरावर कोर्लई वसले आहे. इ. स. १५२१ मध्ये पोर्तुगीजांनी चौलच्या बंदरात पाय रोवला. पुढे रेवदंड्याच्या कोटात फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेज्विट व ऑगस्टिनियन संन्याशांची भव्य चर्चे आणि मठ उभे राहिले. १७४० मध्ये हा मुलूख मराठ्यांच्या हाती आला आणि पोर्तुगीज अंमलदार निघून गेले. त्या वैभवाचे आज माडांच्या वाड्यांमधून केवळ अवशेष दिसतात. सातखणी बुरूज म्हणून ओळखला जाणारा चर्चचा मनोराही भग्नावस्थेत आहे. मात्र कोर्लईच्या साध्या कष्टकरी कुटुंबांनी आपली श्रद्धा टिकवली आणि तिच्यासोबत पोर्तुगीजपासून घडलेली आपली बोलीही टिकवली. तिला ते ‘नो लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, म्हणतात. दगडी भिंतींना जे साधले नाही, ते घरांनी साधले.

नाताळच्या गोठ्याचा इतिहास वाचताना हेच सत्य पुन्हा समोर येते.

इ. स. १२२३ च्या नाताळात असिसीच्या संत फ्रान्सिसने इटलीतील ग्रेच्चो येथे गव्हाणी मांडली. तिथे मूर्ती नव्हत्या. पेंढा होता, खरा बैल होता, खरे गाढव होते आणि मशाली घेऊन जमलेले गावकरी होते. बेथलेहेमच्या बाळाने सोसलेले दारिद्र्य लोकांनी डोळ्यांनी पाहावे, एवढीच संतांची इच्छा होती. त्याच शतकाच्या अखेरीस आर्नोल्फो दि काम्ब्यो या शिल्पकाराने रोममधील सांता मारिया माज्जोरे या महामंदिरासाठी संगमरवरी मूर्ती घडवल्या. अठराव्या शतकात नेपल्स शहरात ही कला बहराला आली. भाजलेल्या मातीचे मुखडे, तारेचे व तागाचे अंग, लाकडी हातपाय आणि अंगावर खरे रेशीम! येशूबाळाच्या भोवती तिथे कोळी, फळविके व खानावळवाले येऊन बसले. त्यांच्या बोटभर टोपल्यांमधून इवलीशी मासळी आणि फळे दिसू लागली. ती कला राजवाड्यात रमली, तरी तिच्यात बाजारातला सामान्य माणूस मानाने वावरत होता.

फ्रान्सच्या प्रोव्हान्स प्रांताची कथा आपल्याला अधिक जवळची आहे. राज्यक्रांतीच्या काळात तिथली चर्चे बंद झाली आणि सार्वजनिक गोठे मांडणे थांबले. तेव्हा भाविकांनी घरातच लहानसे गोठे मांडले. मार्सेय येथील झाँ-लुई लान्येल या कारागिराने मातीच्या छोट्या मूर्ती साच्यातून काढून गरिबांना परवडतील अशा केल्या. ‘सांतों’, म्हणजे ‘छोटे संत’, हे त्यांचे नाव. त्यांची जत्रा मार्सेयमध्ये १८०३ पासून भरत आली आहे. चर्चचे दार मिटले, तरी बोटाएवढ्या मूर्तींनी घराघरात नाताळ जिवंत ठेवला.

इवल्या वस्तू घडवण्याची ही विद्या आपल्या मातीलाही परकी नाही. सतराव्या शतकात गोव्यातील कारागिरांनी हस्तिदंतातून बाल मेंढपाळाच्या रूपातील येशूच्या सुबक मूर्ती कोरल्या. त्या आज देशोदेशींच्या संग्रहालयांत आहेत. आपल्याच रायगड जिल्ह्यातील पेणचे मूर्तिकार पिढ्यान्‌पिढ्या शाडूला आकार देत आले आहेत. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळे व खेळणी मिळतात. दिवाळीत अंगणातल्या मातीच्या किल्ल्यावर मुले मावळे उभे करतात. भातुकलीतील बोटभर चूल, जाते आणि पाटा-वरवंटा यांनी तर मराठी मुलींच्या कितीतरी पिढ्यांना संसाराची ओळख करून दिली. वस्तू लहान करायची, तर आधी मोठी वस्तू नीट न्याहाळावी लागते. जात्याला खुंटा कुठे असतो, हे इवलेसे जाते घडवणाऱ्या मुलाला कोणी वेगळे सांगावे लागत नाही.

आज बाजारात तयार गोठा मिळतो. मूर्ती चकचकीत असतात, दिव्यांची माळही सोबत येते. तो आणण्यात पाप काही नाही. पण ज्या गोठ्याला घरातल्या कोणाचाही हात लागला नाही, तो जानेवारीत माळ्यावर गेला की मुले त्याला विसरतात. करवंटीची टोपली, माडाच्या झापाचे छप्पर, शाडूची मेंढी, जाळ्याच्या तुकड्याचे इवलेसे जाळे हे साहित्य आपल्या किनाऱ्यावर विनामूल्य पडलेले आहे. मेंढीचा पाय वाकडा झाला, तरी मुलाला ती आपली वाटते.

आपल्यात नाताळचा फराळ ताटात घालून शेजाऱ्यांकडे पाठवतात. त्या ताटात घरी केलेली एक मूर्ती किंवा एखादी इवली वस्तू का ठेवू नये? आगमनकाळात प्रत्येक कुटुंबाने असे एकच काही घडवावे आणि दुसऱ्या कुटुंबाला द्यावे. त्यांच्याकडून येईल ते आपल्या गव्हाणीशेजारी मांडावे. दहा नाताळ लोटले की आपल्या गोठ्यात दहा घरांचे हात दिसतील. घरातली मुले त्यातला एकेक मेंढपाळ उचलून, हा कोणी केला, हे पाहुण्यांना सांगतील.