सुपर बोलची टिंगल कोणाच्या पथ्यावर पडली?

मागे एकदा सोमवारी संध्याकाळी आमचा अमेरिकेतल्या टीमबरोबर कॉल होता. तिकडे सकाळ, आणि आदल्या रात्री सुपर बोल झालेला, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची फायनल. पहिली दहा मिनिटं सगळे त्यावरच बोलत होते. पण कशावर? जाहिरात कुठली भारी होती, मध्यंतरात कोण गायलं. जिंकलं कोण, हे मला शेवटी गूगल करावं लागलं! मग डोक्यात आलं, या सगळ्या थाटाची कोणी टिंगल केली नाही का? शोधायला बसलो तर भरपूर सापडलं. त्यातल्या एका गोष्टीने विनोदाच्या ताकदीबद्दलचं माझं मतच जरा डळमळलंय.

पहिला सामना 15 जानेवारी 1967 चा, लॉस एंजेलिसमध्ये. ग्रीन बे पॅकर्सनी कॅन्सस सिटी चीफ्सना 35-10 हरवलं. मॅच एकाच वेळी दोन चॅनेलवर लागली होती, आणि स्टेडियममधल्या जवळपास एक तृतीयांश खुर्च्या रिकाम्या. पण मध्यंतरात बघा, कॉलेजांचे बँड आणि पाठीला रॉकेट बांधून उडणारी दोन माणसं. म्हणजे गर्दी जमायच्या आधीच थाट हजर.

टिंगल करणारेही लवकरच आले. 1974 च्या ह्यूस्टनमधल्या सामन्यावर हंटर थॉम्पसनने रोलिंग स्टोनमध्ये लांबलचक लेख लिहिला. त्यात खेळ थोडा, हॉटेल, दारू आणि पत्रकारांचा कळप जास्त. 1976 ला टीव्हीटीव्ही नावाच्या ग्रुपने हातातले व्हिडिओ कॅमेरे घेऊन मायामी गाठली आणि मैदानाबाहेरच्या पार्ट्या, खेळाडू, त्यांच्या बायका असं सगळं टिपलं. त्यात तेव्हा फारसा माहीत नसलेला बिल मरे पण आहे. छान कामं आहेत दोन्ही. पण लीगला त्याने काडीचा फरक पडला नाही.

फरक पडला 26 जानेवारी 1992 ला. सामना मिनियापोलिसमध्ये, प्रक्षेपण सीबीएसवर. त्याच चॅनेलवर पुढच्याच महिन्यात हिवाळी ऑलिंपिक येणार होतं, म्हणून मध्यंतराचा विषय काय, तर हिवाळा! स्केटिंग करणारे माजी ऑलिंपिक विजेते, बर्फाची गाणी, शेवटी ग्लोरिया एस्तेफान. थोडक्यात, शाळेचं गॅदरिंग, फक्त बजेट मोठं. आणि नेमकं त्याच वेळी फॉक्स या तेव्हाच्या नव्या चॅनेलने 'इन लिव्हिंग कलर' या कॉमेडी शोचा खास भाग लाइव्ह लावला. कीनन आयव्हरी वेयन्सचा शो, बहुतेक कलाकार कृष्णवर्णीय, आणि त्यांच्यात जिम कॅरी. फुटबॉलवर दुहेरी अर्थाचे विनोद करणारी दोन समलिंगी पात्रं त्यात होती. त्यातलं बरंच आज ऐकवत नाही, हे मान्य करतो. पण मला सगळ्यात आवडलं ते स्क्रीनवरचं घड्याळ. मॅच पुन्हा सुरू व्हायला किती वेळ उरलाय, हे ते दाखवत होतं. म्हणजे 'या, हसा आणि वेळेत परत जा'. प्रेक्षकाची भीती ओळखून एक साधा टायमर लावला, बास! आम्ही दिवसभर यूजर एक्सपीरियन्सवर मीटिंगा घेतो, हे त्यांनी तेव्हाच करून ठेवलं होतं.

दोन कोटींहून जास्त लोक तिकडे वळले.

लीग हादरली. पण टिंगल झाली म्हणून थाट कमी करावा, असं काही त्यांच्या मनात आलं नाही. त्यांनी पुढच्याच वर्षी, 31 जानेवारी 1993 ला, पॅसाडिनामध्ये थेट मायकल जॅक्सनला उभं केलं. उभं म्हणजे अक्षरशः उभं. स्टेजवर येऊन तो मिनिटभराहून जास्त वेळ हललाच नाही, आणि स्टेडियम नुसतं किंचाळत होतं. तेव्हापासून मध्यंतर म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या गायकांची जागा. माझ्या कॉलवरची ती दहा मिनिटंसुद्धा तिथूनच आलेली. टिंगल करणाऱ्यांनी भोक दाखवलं, लीगने ते बुजवून वर मजला चढवला. आमच्या भाषेत सांगायचं तर फुकटात बग रिपोर्ट मिळाला.

आणि हे ऐका. 1992 च्या त्या टिंगलीच्या कार्यक्रमाला पैसे दिले होते फ्रिटो-ले या चिप्सवाल्या कंपनीने. 1993 ला मायकल जॅक्सनच्या मध्यंतराचा प्रायोजक कोण? तीच, फ्रिटो-ले.