केतकीचें कुंपण

केवडा म्हटला म्हणजे आपणांस हरितालिकेची पूजा किंवा वेणींत माळलेलें पिंवळसर पान आठवतें. आमचें मांजरसुंबें बालाघाटाच्या माथ्यावर. समुद्र तेथून फार दूर. तेथें केवडा ठाऊक तो बाजारांत विकावयास येणारें कणीस म्हणूनच. परंतु ज्या झुडपास आपण केवळ सुवासासाठीं ओळखतों, त्याची बागेंतील जुनी चाकरी निराळी होती. तें कुंपण होतें, आणि या गोष्टीस साक्ष खुद्द कालिदासाची आहे.

‘मेघदूतां’त मेघ दशार्ण देशावर, म्हणजे विदिशेच्या बाजूस, पोंचेल तेव्हां तेथील उपवनांचीं कुंपणें केतकीच्या उमलत्या कळ्यांनीं फिकट दिसतील, असें यक्ष सांगतो. ही झाली देशावरची गोष्ट. ‘रघुवंशां’त हेंच झुडूप समुद्राकडे जातें. चौथ्या सर्गांत रघूचें सैन्य अपरान्त, म्हणजे आपलें कोंकण, जिंकावयास निघतें तेव्हां केतकीचा पराग उडून योद्ध्यांच्या चिलखतांवर बसतो. तेराव्या सर्गांत लंकेहून परततांना किनाऱ्यावरील वारा तोच पराग सीतेच्या मुखावर पसरतो. केवड्याचीं नर व मादी झाडें वेगळीं असतात. पराग आणि सुवासिक कणीस नराचें, तर मादीस अननसासारखें फळ येतें. कवीनें पाहिलें तें नराचेंच झाड, हें उघड आहे.

शिवपुराणांतील कथेप्रमाणें केतकीनें ब्रह्मदेवाच्या बाजूनें खोटी साक्ष दिली, म्हणून शिवपूजेंत तिला मज्जाव झाला. इतिहासाच्या कामीं मात्र तिची साक्ष मोलाची ठरते. डेन्मार्कच्या राजानें अरबस्तानांत धाडलेल्या मोहिमेंतील वनस्पतिशास्त्रज्ञ फोर्सकोल हा १७६३ सालीं येमेनांत वारला. त्याचा सोबती नीबूर यानें १७७५ सालीं त्याचा ग्रंथ छापविला. त्यांत या झुडपाच्या जातीस नांव दिलें आहे ‘केउरा’. आपला केवडा आणि हिंदीतील केवड़ा यांच्याशीं या शब्दाचें साम्य कानास सहज पटतें.

आतां किनाऱ्याकडे वळूं. केवड्यास खारा वारा सोसतो, रेताड जमीन चालते; खोडापासून निघालेलीं आधारमुळें वाळूंत रोंवून तो उभा राहतो, आणि पानांच्या कांटेरी कडांमुळें गुरें आंत शिरत नाहींत. २००४ सालच्या डिसेंबरांतील त्सुनामीनंतर संशोधकांनीं श्रीलंकेचा किनारा पाहिला, तेव्हां या मुळांच्या दाट जाळ्यानें लाटेचा जोर मोडण्यास मदत होते असें त्यांस आढळलें. आपल्याकडे किनाऱ्यावर लावणी झाली ती मुख्यतः सुरूची. सुरू उंच वाढतो खरा, पण तो परका, आणि त्याचें खोड खालीं उघडें राहतें. ३ जून २०२० रोजीं निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूस धडकलें, तेव्हां सुरूचीं झाडें पडलीं आणि नारळी-पोफळीच्या बागाही आडव्या झाल्या. केवडा असता तर वादळ थांबलें असतें, असें म्हणणें भाबडेपणाचें होईल. पोफळ मोडते ती शेंड्याशीं लागलेल्या वाऱ्यानें. तेथें झुडपाचें काय चालणार? पण वाळू सरकणें आणि खाऱ्या तुषारांनीं कोंवळीं रोपें करपणें, हें नुकसान वादळावांचूनही दरसाल होत असतें, आणि तेथें हें झुडूप उपयोगी पडतें. सुरूच्या पायथ्याशीं केवडा लावावा, असें माझें मत आहे.

ज्या श्रोत्यांचीं कोंकणांत घरें आहेत त्यांस एक सूचना. केवडा बियांपासून वाढविल्यास तो नर कीं मादी हें फूल येईपर्यंत कळत नाहीं. म्हणून ज्या झाडास सुवासिक कणीस येत असल्याचें आपण पाहिलें असेल, त्याचाच फुटवा काढून पावसाच्या आरंभीं बागेच्या समुद्राकडील कडेस लावावा. वाटेपासून तो हातभर दूर असूं द्यावा, कारण त्याचे कांटे धोतर धरून ठेवतात.